डब्याचा पासवर्ड

महादू शिगवण टॅक्सीने आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. शारजाच्या कॅम्पवरून आमच्या अजमानच्या किचनपर्यंत पन्नास दिरहॅम, म्हणजे जवळजवळ बाराशे रुपये. महादू असा माणूस की बस चुकली तर भर उन्हात दोन स्टॉप चालेल, पण टॅक्सीला हात करायचा नाही. रविवार होता, दुपारचे पावणेतीन. डबे कधीच गेले होते, भांडी घासून पालथी घातली होती, आणि मी अन् माझी पुतणी समिधा खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलो होतो.

"मावशी," दारात चपला काढता काढता तो म्हणाला, "माझा पासवर्ड तेवढा कागदावर लिहून द्या."

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "मला माहीत नाही रे."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी कधी थट्टा करते? मी ओरडते, वाढते आणि पुन्हा ओरडते, हे सगळ्या शारजा-अजमानला माहीत आहे. माझं तोंड बघितल्यावर त्याचं हसू गेलं आणि तो तिथेच फरशीवर बसला. शेजारी खुर्ची होती, पण महादू खुर्चीवर कधी बसत नाही.

गोष्ट अशी होती. त्याची मुलगी गिरिजा, बारावी झालेली. तिला नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या यादीत सीट लागली होती. कॉलेजने मेल पाठवलं होतं आणि त्यातली लिंक दाबून 'सीट घेतो' असं कळवायचं होतं. आज संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्या इथल्या साडेचारपर्यंत. नाही दाबली तर सीट पुढच्या नंबराला. आणि हे मेल आलं होतं महादूच्या पत्त्यावर, कारण फॉर्म भरताना बापाने हौसेने सांगितलं होतं, माझा मेल टाक, मला इथे बसून दिसू दे.

"मग दाब की!" मी म्हणाले.

"फोन गेला ना मावशी. गुरुवारी स्लॅब भरताना खिशातून काँक्रीटमध्ये पडला. वरून काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर फिरला."

नवा फोन घेतला होता, पण मेल पासवर्ड मागत होतं. विसरलो म्हणून सांगितलं तर कोड जायचा जुन्या कंपनीच्या सिमवर, आणि ते सिम बंद होऊन तीन वर्षं झाली. मोबाइलच्या दुकानातल्या शहाण्याने आपल्या मनाने दोन-तीनदा काहीतरी टाकून बघितलं होतं. आता मेल म्हणत होतं, आणखी एकदा चुकलात तर उद्यापर्यंत खातं बंद. कॉलेजला फोन केला तर रविवार, कुणी उचलत नाही.

"मेलला डब्याचाच पासवर्ड आहे," महादू म्हणाला. "सगळीकडे तोच आहे. तुमच्या यादीत बघा आणि लिहून द्या. बोलू नका, नुसता लिहून द्या."

यादी! कप्पाळ माझं. यादी मी आदल्या दिवशीच माझ्या हाताने पुसून टाकली होती.

यादी म्हणजे काय ते सांगते. आमच्या डब्याची वेबसाईट आहे. एका ओळखीच्या इंजिनिअरने अकरा वर्षांपूर्वी बनवून दिली, आता तो कॅनडात आहे. माणसाने नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि उद्या डबा हवा की नको, भाकरी की चपाती, मासे की उसळ, ते सांगायचं. बांधकामाच्या साइटवर काम करणारी आपली माणसं, रत्नागिरीची, रायगडची, साताऱ्याची, दिवसातून चार जण तरी पासवर्ड विसरणार. मग मला फोन. "मावशी, माझा पासवर्ड काय हो?" मी यादी उघडायची आणि एकेक अक्षर वाचून दाखवायचं. तीनशे चाळीस माणसं, तीनशे चाळीस पासवर्ड, नावासमोर स्वच्छ लिहिलेले. मला त्याचा अभिमान होता हो. बँकेलाही आपल्या गिऱ्हाइकाचा पासवर्ड सांगता येत नाही, मला येत होता!

आणि खरं सांगते, मला ती यादी वाचायला आवडायचं. दुपारी मासिक चाळावं तशी मी ती चाळायची. कुणी बायकोचं नाव ठेवलेलं, कुणी दुसऱ्याच कुणाचं. एकाने बोटीचं नाव ठेवलं होतं. एका गवंड्याने मुकादमाला लाखोली वाहिली होती. मी स्वतः टाकून दिलेले तेवढे वाचायची नाही, त्यांत काय गंमत? चौकसपणा माझ्या रक्तातच आहे, त्याला मी काय करू?

शनिवारी समिधा बांगडे खायला आणि रात्री मुक्कामाला आली. ती दुबईत एका कंपनीत आहे, वेबसाईटी सुरक्षित ठेवायचं काम करते. मी म्हटलं, जरा मेनूचं पान उघडत नाहीये ते बघ. तिने लॅपटॉप उघडला, यादीचं पान बघितलं आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"काकू, हे पासवर्ड असे उघडे ठेवलेत?"

"मग काय झाकून ठेवू? लोकांना सांगायचे कसे?"

"सांगायचेच नसतात! उद्या कुणी ही यादी चोरली तर?"

"डबेवालीची यादी कोण चोरणार गं, मेलं?"

"चोराला डब्याशी काय करायचंय? ही माणसं एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात. इथला मिळाला की बँकेचा मिळाला, मेलचा मिळाला."

मी तोवर असा विचारच केला नव्हता. मग मी म्हणाले, बरं, यादीला कुलूप लाव. ती म्हणाली, कुलूप लावता येतं, पण मग किल्ली कुणाकडे ठेवायची? मी म्हणाले, माझ्याकडे. ती म्हणाली, "आणि किल्ली असली की दुपारी तू उघडून बघणार." पोरगी मला चांगली ओळखते.

"त्यापेक्षा किल्लीच नाही असं करू," ती म्हणाली. "पासवर्ड आला की मशीनने तो कुटायचा आणि फक्त पूड ठेवायची."

"आणि पुडीतून परत मूळ काढायचं असेल तर?"

"तू मसाल्यातून धणे परत काढतेस का?"

मला खोटं वाटलं. मी म्हणाले, दाखव. तिने एक पान उघडून दिलं. मी माझं नाव टाइप केलं, कमलिनी, तर खाली ही लांबलचक अक्षरं आणि आकडे, कशाला काही अर्थ नाही. एक अक्षर बदललं तर खालचं सगळंच्या सगळं बदललं. मग मी अख्खी गणपतीची आरती टाकली, तरी खालची ओळ तेवढीच लांब. पुन्हा नुसतं नाव टाकलं, तर पहिलीच ओळ जशीच्या तशी परत आली! अर्धा तास मी तेच करत बसले. समिधाचे बांगडे गार झाले.

"पण मग माणूस आला की ओळखायचा कसा?" मी विचारलं. "आपल्याकडे तर नुसती पूड."

"तो पासवर्ड टाकेल, मशीन तो पुन्हा कुटेल आणि दोन्ही पुडी जुळतात का बघेल. जुळल्या तर तोच माणूस."

"आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तर? या यादीत पाच जणांचा दुबई एकदोनतीन आहे."

"अय्या काकू, तू हुशार आहेस गं!" ती म्हणाली. "म्हणून कुटायच्या आधी प्रत्येकाच्यात वेगळी चिमूट टाकायची. मग पासवर्ड एक, पण पुडी पाच."

मला पटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी. संध्याकाळपर्यंत तिने सगळं बसवलं आणि जुनी यादी पुसायचं बटण माझ्यापुढे केलं. "एक प्रत ठेवू का, कपाटात, कागदावर?" असं मी विचारून बघितलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. खलास. कुणी विसरलाच तर मोबाइलवर कोड पाठवून त्याला नवा पासवर्ड करून द्यायचा, जुना कुणालाच सांगता येणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी महादू दारात.

"नवा करून देते," मी त्याला म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं की मी मूर्खासारखं बोलतेय. डब्याचा नवा पासवर्ड घेऊन त्या मेलला काय फरक पडणार होता? त्याला जुनाच हवा होता.

तीन वाजून गेले होते. महादू हातातल्या नव्या फोनवर अंगठा फिरवत राहिला. घाबरले की मी समोरच्यावर चिडते, ही माझी खोडच आहे. "समिधा, तू शिकलेली ना? काढ मग मार्ग! कालपर्यंत सगळं ठीक चाललं होतं!"

समिधाचा चेहरा उतरला होता, पण डोकं चालू होतं. "काकू, पूड आहे ना आपल्याकडे. आत काय आहे ते पूड सांगत नाही, पण हेच आहे का विचारलं तर हो-नाही सांगते. मेल तीनदा चुकलं की दार लावतं. आपली साईट लावत नाही, ते बंधन मी पुढच्या शनिवारी घालणार होते. इथे हवं तितक्या वेळा चुकू शकतो आपण. इथे जुळला की मग तोच मेलला एकदाच टाकायचा."

"शाब्बास!" मी म्हणाले आणि खुर्ची ओढून महादूच्या समोर बसले. "हं, बोल. बायकोचं नाव काय?"

"संजना."

समिधाने टाकलं. साईट म्हणाली, चूक. संजना एकदोनतीन, चूक. संजना आणि लग्नाचं साल, चूक. गिरिजा टाकलं, गिरिजाची जन्मतारीख पुढे लावून टाकलं, मागे लावून टाकलं. चूक, चूक, चूक.

"आईचं नाव?"

"कृष्णाबाई. पण ते नसेल, मावशी."

"तुला काय माहीत नसेल? टाक गं समिधा." चूक.

गावची देवी वाघजाई. चूक. गावाचं नाव, वाडीचं नाव, एसटीचा थांबा. "लहानपणी काय करायचास? कशाचा नाद होता?" असं विचारलं तेव्हा तो लाजला आणि म्हणाला, जाखडीत नाचायचो. मी बघतच राहिले. हा? हा पायात चाळ बांधून नाचायचा? म्हणे नुसता नाचायचा नाही, गाणी पण रचायचा, पंचक्रोशीत त्याच्या गाण्यांना मागणी होती. नऊ वर्षं मी या माणसाला बुधवारी मासे नकोत आणि भाकरी जाड हवी, एवढंच ओळखत होते.

"मग गाण्यातला एखादा शब्द असेल!"

"नाही मावशी, ते पण नाही."

"अरे प्रत्येक वेळी नाही, नाही! तुझ्याच मुलीची सीट चाललीय ना? जरा डोकं चालव!"

तो खाली बघत म्हणाला, "खरंच यादी कुठेच नाही का? एखादा कागद? तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बघून आलात तरी चालेल. मी इथे बसतो."

"नाही रे बाबा, नाही! किती वेळा सांगू?"

पावणेचार. समिधाने साठ-सत्तर तरी शब्द टाकले असतील. तिने एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला, नावांपुढे सगळे आकडे लावून बघणारा, तो आपला शेजारी घरघरत होता आणि काहीच जुळत नव्हतं. मी उठून चहा ठेवला आणि तो उतू गेला. मनात सारखं येत होतं की कालचा माझा शहाणपणा या माणसाच्या मुलीला भोवणार. एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? अकरा वर्षं उघडं होतं, आणखी एक दिवस राहिलं असतं.

चार वाजून पाच मिनिटांनी गिरिजाचा व्हिडिओ कॉल आला. दोन वेण्या, मागे खिडकीत सुकत घातलेला नवा फॉर्मल शर्ट. कॉलेजला जायच्या तयारीने धुतलेला दिसत होता. "बाबा, झालं का?" महादूने मान हलवली. पोरगी एकदम मोठ्या बाईसारखी म्हणाली, "नाही झालं तर राहू दे, बाबा. मी पुढच्या वर्षी परत भरेन. तुम्ही जेवलात का?"

महादूने कॉल बंद केला आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग समिधाकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाहेर जाता का? दोन मिनिटं?"

"ती कुठे जाणार बाहेर?" मी कडाडले. "तीच तर टाइप करतेय! काय असेल ते तिच्यासमोर बोल. पंचवीस मिनिटं राहिलीत!"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. "राग मानू नका, मावशी," तो म्हणाला. "ठोंब्या."

माझं टाळकंच सरकलं. "काय म्हणालास? मला? माझ्या घरात बसून—"

"तुम्हाला नाही मावशी. मला. पासवर्ड आहे तो. तुम्हीच दिला होता, खातं उघडून देताना. पुढे काहीतरी आकडा होता, तो कागदावर होता आणि कागद फोनच्या कव्हरात. तो आकडाच मला आठवत नाही."

समिधाने कीबोर्डवरून हात काढून घेतले होते.

आणि मला तो दिवस आठवला. सगळा नाही, पण पुरेसा. वाळूचं वादळ सुटलेलं, गॅस सिलिंडर आलेला नाही, दोन स्वयंपाकी गायब, बाहेर माणसांची रांग. त्या वेळी ज्यांना जमायचं नाही त्यांची खाती मीच उघडून द्यायची, तोंडात येईल तो शब्द टाकायचा आणि पुढे आमच्या तेव्हाच्या फ्लॅटचा नंबर. रांगेत एक सडपातळ माणूस होता, परवाच विमानातून उतरलेला. तो परत परत विचारत होता, मावशी, पासवर्ड म्हणजे, तो कसा... मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर मी काही बोलले नाही. टाइप केलं. कागदावर उतरवलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, नेक्स्ट. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. त्या दिवशी मी तेवढीही जीभ उचलली नव्हती, पण काम तेच केलं होतं.

"तीनशे सात," मी म्हणाले.

समिधाने हळूच टाकलं. पान उघडलं. वरच्या बाजूला हिरव्या अक्षरांत आलं, 'नमस्कार महादू, उद्या डबा हवा का?'

चार वाजून बारा मिनिटं. "मेलला मी टाकतो," महादू म्हणाला. त्याने नव्या फोनवर एका बोटाने एकेक अक्षर दाबलं, न चुकता, कुणालाही न विचारता. मेल उघडलं. कॉलेजचं पत्र वरच होतं. त्याने लिंक दाबली, एक गोल फिरला, फिरतच राहिला, मी वाघजाईला आणि सगळ्या देवांना हाक मारली, आणि मग खाली ओळ आली की सीट नक्की झाली. त्याने गिरिजाला कॉल लावला, ती ओरडली, तिच्यामागून संजना ओरडली, आणि महादू डोळे पुसत नुसता "हां, हां" करत राहिला. समिधाने त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती.

मी मात्र ओट्याला टेकून उभी होते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त लाज वाटत होती, इतकी की हात कुठे ठेवावेत ते कळेना.

कॉल संपल्यावर समिधानेच विचारलं. "दादा, तुम्हाला इंग्रजी अक्षरं वाचता येतात?"

"येतात की. दहावीपर्यंत शिकलोय. गणितात राहिलो."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच..."

"त्याच दिवशी. जिना उतरताना वाचला."

"अरे मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. ओरडायला गेले, पण ओरडता आलं नाही. "दीड तास घालवलास! मुलीची सीट गेली असती!"

"मला वाटलं, तुम्ही यादीत बघाल. तुमचं तुम्ही वाचाल आणि कागदावर लिहून द्याल. मला तोंडाने म्हणावं लागणार नाही." तो समिधाकडे न बघता म्हणाला, "आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच."

"बदलला का नाहीस? नऊ वर्षं! बँकेला तोच, मेलला तोच!"

"शब्द डोक्यात पक्का बसला होता, म्हणून सगळीकडे तोच गेला. आणि इथला बदलायचा तर तुम्हालाच फोन करावा लागायचा ना, मावशी? तुम्ही जुना उघडून बघितला असता. मग तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी साठीला आलेली बाई. कुणाची माफी मागायची सवय नाही मला, घरच्यांचीही नाही. पण म्हणाले, "चुकलं माझं, महादू. फार चुकलं."

"जाऊ द्या हो." तो उठला, पँट झटकली. मग दाराशी जाऊन थांबला. "फक्त एक सांगू? मी त्या दिवशी तीनदा विचारलं, ते पासवर्ड म्हणजे काय ते कळत नव्हतं म्हणून नाही. मला विचारायचं होतं, तो माझा मी ठेवला तर चालेल का. नवीन होतो, कसं विचारायचं ते कळेना."

मी समिधाला नवा पासवर्ड ठेवायचं पान उघडायला सांगितलं. मग तिच्या हातातून लॅपटॉप घेऊन टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे ओढली. "बस," मी म्हणाले. "खुर्चीवर बस."

तो बसला. मी फ्रिजकडे तोंड करून उभी राहिले आणि समिधालाही वळायला लावलं. मागे बटणं वाजत होती, सावकाश, एकेक. बराच मोठा असावा. काय ठेवत असेल, हे विचारायला माझी जीभ वळवळत होती. मी ती दाताखाली धरली आणि त्याचं होईपर्यंत तशीच उभी राहिले.